तीस नंबर की चाळीस नंबर

चांदा जिल्ह्याचे सरकारने दोन तुकडे केले, इकडे चंद्रपूर आणि तिकडे गडचिरोली. पण दोन्ही जिल्हे पुन्हा एक करून वैनगंगेत बुचकळून काढले असते, तरी इंजिन ऑइलचा एवढा धसका घेतलेला माणूस एकच हाती लागला असता, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा असता. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. लोक पोरीसाठी स्थळ बघतात, शेतीसाठी बैल बघतात. मामाजी आपल्या जुन्या डिझेल गाडीसाठी ऑइल बघत. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं एकेका बैठकीत उरकली होती. "पोरगा पेत नाई, नोकरी हाय, आनखी का पाह्यचं?" एवढं बोलून त्यांनी सुपारी फोडली. पण गाडीत तीस नंबरचं पातळ ऑइल टाकावं की चाळीस नंबरचं जाड, या प्रश्नावर त्यांनी जेवढी माणसं छळली तेवढी दोन्ही लग्नांत मिळून जेवली नव्हती. छळलेल्यांत जावई म्हणून पहिला मान अर्थातच माझा.

मामाजींना कुरकुर सहन होत नसे. बायकोची होत असे, दाराची होत नसे. शिवणयंत्राला तेल द्यायची लांब नाकाची एक पत्र्याची कुपी कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे, त्यामुळे त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या डाव्या बाजूला एकसारखा डाग होता. मी तेव्हा गडचिरोलीला नोकरीला होतो, जिल्हा नवाकोरा, आमचं लग्नही नवंकोरं. मामाजी पहिल्यांदा आमच्या भाड्याच्या खोलीवर आले ते पाणी प्यायच्या आधी दाराच्या बिजागऱ्यांना तेल देऊन मोकळे झाले. मग माझी सायकल, मग घरमालकाच्या विहिरीची कप्पी, मग शेजारणीचा पाळणा, तोही बाळ आत झोपलेलं असताना. दुपारी आम्ही सगळे आडवे झालो. वाऱ्याने दार उघडलं, आवाज झाला नाही. कुत्रं आत आलं, आवाज झाला नाही. मटणाचं पातेलं चाटूनपुसून ते निघून गेलं, तरी कोणाला पत्ता नाही. बायको डोक्याला हात लावून बसली, आणि मामाजी दार पुढेमागे करत मला म्हणाले, "पाहा जवाईबापू, वाजून राह्यलं का? नाई न?" त्या दिवशी आम्ही पातळ वरणावर भागवलं.

त्यांची सगळी नोकरी ढोरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर नव्हते ते, डॉक्टरच्या हाताखालचे. पण पावसाळ्यात भामरागडकडचे रस्ते तुटले की डॉक्टर अलीकडे अडकायचे आणि पलीकडच्या गाई-म्हशी मामाजींच्या भरवशावर राहायच्या. तिथे ते जे शिकले ते त्यांनी रिटायर झाल्यावर गाडीला लावलं, खरी गंमत ती. गाडी त्यांनी एका लाकडाच्या ठेकेदाराकडून घेतली. मूळची ती पेट्रोलची. पेट्रोल परवडेना म्हणून ठेकेदाराने तिच्यात मोडीत निघालेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलेलं. म्हणजे तोंड एका घरचं आणि पोट दुसऱ्या घरचं. मामाजींनी ती घेताना बैलबाजारात घेतात तशी घेतली: भोवती फिरून आले, चारही पायांवर, म्हणजे टायरांवर, थाप मारली, बॉनेटचा जबडा उघडून आत बघितलं, आणि मागे जाऊन धुराचा वासही घेतला. "म्हातारी हाय, पन मारकी नाई," असं म्हणून त्यांनी ती चिमूरजवळच्या आपल्या गावी आणली. ती सुरू झाली की गल्लीतल्या कोंबड्या बाहेरगावी जात.

ही गाडी घेतली कशासाठी, तर मायसाठी. माय म्हणजे मामाजींची आई, माझ्या बायकोची आजी. कमरेत वाकलेली, दात नसलेली, पण जिभेला धार अशी की गावातला सरपंच तिच्या घरावरून जाताना सायकलवरून उतरे. छप्पन साली ऑक्टोबर महिन्यात चांद्याला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या मैदानावर दरवर्षी त्या दिवशी आपली माणसं जमतात. गावातून ट्रक भरभरून जात, एस.टी. जात, माय कधी गेली नाही. तिचं एकच म्हणणं: "जाईन तं पोराच्या गाडीनं. आन् जाईन तं येळेवर पोचीन." आता गाडी आली होती. माय नव्वदीकडे झुकली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणजे जे करायचं ते लवकर करायला हवं होतं, हे घरातल्या मांजरालाही कळत होतं. फक्त ऑइल ठरायचं होतं.

ऑइल ठरवण्याची मामाजींची पद्धत अशी. सकाळी उठून ते तालुक्याच्या दुकानात जात, सोबत वाटी आणि चमचा. दुकानदार त्यांना लांबून बघूनच काउंटरखाली वाकायचा. मग डबा फोडायला लावून चमचाभर ऑइल घ्यायचं, अंगठा आणि बोटात चोळायचं, डोळे मिटून वास घ्यायचा, आणि एक थेंब पेपरवर टाकून तो उन्हात धरायचा. थेंबाचं वर्तुळ कसं पसरतं यावरून ते ऑइलचा स्वभाव सांगत. "हे तापट हाय." "हे आळशी हाय, सकायी उठनार नाई." एकदा आमच्या घरी त्यांनी मी न वाचलेल्या पेपरवर पाच थेंब टाकले, आणि मुख्यमंत्री बदलले की नाही ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं. भेटेल त्याचं मत घ्यायचे. ट्रकवाला म्हणाला, चाळीस टाका. ट्रॅक्टरवाला म्हणाला, तीस टाका. मला विचारलं तेव्हा मी आपलं सुटका करून घ्यायला चाळीस म्हणालो, तर ते तासभर मला समजावत बसले की मे महिन्यातल्या उन्हात चाळीस बरोबर, पण पौषातल्या पहाटे ते गुळाच्या पाकासारखं गोठतं आणि म्हाताऱ्या इंजिनाला ते गिळवत नाही. बरं, मग तीस? "पागल झाले का जवाईबापू! तीस उन्हात ताकासारखं पातळ होते. घासून मरन ते." मग काय टाकायचं? "तेच तं पाहून राह्यलो न मी!"

इंजिनात ऑइल किती आहे ते बघायची जी लोखंडी काडी असते, ती ते सकाळ-संध्याकाळ काढून बघत, तापाच्या पेशंटाचा थर्मामीटर बघावा तशी. खरा थर्मामीटरही त्यांनी एकदा लावून बघितला होता, ढोरांचा. तो आत फुटला. काडी पुसायला हाताशी येईल तो टॉवेल, त्यामुळे मामीजींच्या घरात एकही टॉवेल काळ्या पट्ट्याशिवाय नव्हता आणि पाहुण्याने तोंड पुसलं की त्याला मिशी फुटे. ऑइल टाकायचं झालं तर ते चुलीवर कोमट करून टाकायचं, कारण थंड पाजलं तर पोटात कळ येते. तेही फनेलने नाही. म्हशीला औषध पाजायचं बांबूचं नळकांडं त्यांनी नोकरीतून आणलेलं होतं, त्याने. पाजताना इंजिनावर हात फिरवत "हो, हो, झालं, झालं" असं म्हणत. मामीजी म्हणायच्या, "मले डिलिव्हरीत बी येवढं नाई केलं या मानसानं."

पहिल्या वर्षी ऑक्टोबर आला आणि गेला. ऑइल काही ठरलं नाही. त्या दिवशी सकाळी माय नवं पांढरं लुगडं नेसून गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडी उभी, बॉनेट उघडं, मामाजी दोन डब्यांमध्ये. दुपार झाली, आता निघून पोचणं होत नाही हे दिसलं तशी ती मुकाट्याने खाली उतरली, लुगडं बदललं आणि तुरीची डाळ निवडायला बसली. नंतर तिने त्या सीटची सवयच लावून घेतली. रोज तिथेच बसून वेणी घालायची, शेंगा सोलायची, आलेल्या-गेलेल्यांशी खिडकीतून बोलायची. गाडी चालत नव्हती, पण वापरात होती.

दुसऱ्या वर्षी चिमूरच्या एका मिस्त्रीने सांगितलं, भाऊ, आता नवं ऑइल निघालंय, इंजिन आतून धुऊन काढतं. मामाजी दचकले. "जुनं जनावर हाय. एकदम खुराक बदलवला तं पोट सुटते," असं त्यांचं मत. पण चार लोकांनी भरीस घातलं, मीही होतो त्या चौघांत, आणि टाकलं एकदाचं. त्या ऑइलने इंजिनातला वर्षानुवर्षांचा काळा गाळ इमानेइतबारे धुऊन काढला. आणि मग कळलं की इंजिन त्या गाळानेच बांधलेलं होतं. जिथे जिथे सांधा होता तिथून ते गळायला लागलं. मामाजींनी खाली परात लावली, परात भरली, घमेलं लावलं. "मी म्हटलं होतं न!" असं ते सगळ्यांना सांगत फिरत होते, आणि एवढ्या संकटात त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं. त्यातच दीक्षेचा दिवस उजाडला, माय मागच्या सीटवर पांढऱ्या लुगड्यात बसलेली. तिने खिडकीतून खाली वाकून घमेल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुह्या गाडीले लंगोट बांध आधी." दुपारी ती उतरली. उतरताना या वेळी तिला हात द्यावा लागला.

मी चिडलो. मामीजींना सरळ म्हणालो, हा काय पोरखेळ आहे? म्हातारीचे दिवस किती राहिले? टाका म्हणावं कुठलंही आणि न्या तिला. मामीजी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तुमाले मालूम नाई, जवाईबापू." मग त्यांनी सांगितलं. छप्पन साली अख्खं घर बैलगाडीने चांद्याला निघालं होतं. गाडी हाकायला मामाजी, तेव्हा पोरसवदा, नवं लग्न झालेलं. बैलगाडीच्या आसाला जे वंगण लावतात त्याला आमच्याकडे ओंगण म्हणतात. ते बांबूच्या नळ्यात भरून गाडीखाली टांगून न्यायचं असतं. मामाजी तो नळा गोठ्यात विसरले. जंगलात एका नाल्याजवळ चाक कुरकुरायला लागलं, मग किंचाळायला लागलं, मग आसच जाम झाला. शिदोरीत भाकरी आणि कोरडी चटणी, तेलाचा थेंब नाही. मागून येणाऱ्या गाड्याही पुढे निघून गेलेल्या. "पोचलो तवा दुसरा दिवस होता. मैदानात मानूस नाई. नुसता धुरळा आन् फुलं. आन् डिसेंबरात तं बाबाच गेले." मामीजींनी भाकरी तव्यावर टाकली. "माय एक शब्द बोलली नाई त्याइले. एक शब्द नाई, आजपावतर. बोलली असती तं बरं झालं असतं."

मी त्या दिवसापासून ऑइलवरून मामाजींची थट्टा करणं सोडून दिलं. म्हणजे कमी केलं. अगदीच सोडवत नव्हतं, कारण त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या धुतलेल्या पायजम्याला काडी पुसली.

तिसऱ्या वर्षी मायने सगळ्यांना चीत केलं. गळती तोवर मिस्त्रीने सांधे आवळून थांबवली होती, अडलं होतं ते पुन्हा ऑइलवरच. आदल्या दिवशी सकाळीच ती लुगडं नेसून, एक कापडी पिशवी मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसली. दुपारी उतरली नाही. मामीजींनी ताट नेलं, तिथेच जेवली. उन्हं उतरली तरी उतरेना. गल्ली जमली. मामाजी एका हातात तीस नंबरचा डबा आणि एका हातात चाळीस नंबरचा घेऊन अंगणात उभे, घामाने चिंब.

"माय, उतर न आता."

"उतरत नाई. तू मले नेशीन का नाई, येवढं सांग."

"नेतो न माय, पन ऑइलचं..."

"आन इकडं ते डबे." मायने दोन्ही डबे हातात घेतले, हलवून बघितले. "याच्यात फरक का हाय?"

मामाजींनी आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात उत्तर दिलं. "हे पातळ, लवकर धावते. हे जाडं, धीर धरते."

"मंग दोन्ही मिसळ," माय म्हणाली. "आन् चाल."

गल्लीत हशा पिकला. मामाजींचं तोंड असं झालं की जणू कोणी त्यांना दोन पेशंटांची औषधं एकत्र घोटायला सांगितली आहेत. पण त्यांनी ती घोटली. मामीजींच्या पातेल्यात तीस आणि चाळीसची खिचडी कोमट केली आणि नळकांड्याने इंजिनाला पाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मामाजी चालवायला, शेजारी मी, मागे माय आणि मामीजी. मामाजींनी गाव सुटायच्या आधी दोनदा थांबून काडी बघितली. पुढे दर गावाला. निळे झेंडे लावलेले ट्रक "जय भीम" करत आमच्या पुढे निघून जात होते आणि मी घड्याळाकडे बघत दात खात होतो. पण गाडी चालत होती, धूर सोडत, खोकत, पण चालत होती. रस्ता जंगलात शिरला. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, आणि एका उतारावर छोटा नाला आला. माय खिडकीकडे सरकली. आणि त्याच क्षणी गाडीत कुठेतरी स्पष्ट, लांबलचक कुरकुर झाली.

मामाजींनी करकचून ब्रेक लावला. तोंड पांढरंफटक. तोच नाला होता हे मला मामीजींच्या श्वासावरून कळलं. मामाजी उतरले, बॉनेट उघडलं, काडी काढली, चाकं चाचपली, खाली वाकून बघितलं. इंजिन थंड डोक्याच्या माणसासारखं शांत होतं. पुन्हा आत येऊन बसले, खिशात हात घातला, आणि तसेच थिजले. कुपी दुसऱ्या सदऱ्यात राहिली होती. सगळा जन्म जी कुपी खिशातून हलली नाही, ती आज घरी होती. स्टिअरिंगवर डोकं टेकवून हा रिटायर झालेला, दोन जावयांचा सासरा असलेला माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. "पुन्हा भुललो, माय. पुन्हा भुललो मी."

मागे पुन्हा कुरकुर झाली. गाडी बंद होती. मी वळून बघितलं. माय पुढे वाकत होती, आणि ती वाकली की तिच्या खालची सीटची स्प्रिंग कुरकुरत होती. दोन वर्षं रोज बसून बसून तिनेच ती ढिली केली होती. मला हसू फुटलं, मामीजींना फुटलं. मामाजी मात्र मान वर करेनात.

मायने मांडीवरची पिशवी उघडली. आतून औषधाची जुनी बाटली काढली, वर चिंधीचं बूच. जवसाचं तेल होतं, घरच्या डब्यातलं. "घे," ती म्हणाली. "औंदा म्या आनलं."

मामाजींनी मागे बघितलं.

"तवा गोठ्यात तो नळा लटकून होता," माय म्हणाली. "म्या पाह्यला होता रे. मले वाटलं, पोरगा घेईन. घाईत होतो सारे, मी बोलली नाई. मंग कोन्या तोंडानं तुले बोलू?"

मामाजी उतरले, मागचं दार उघडून मायच्या पायाशी गुडघ्यावर बसले आणि त्या स्प्रिंगला तेल दिलं. एवढ्याशा स्प्रिंगला अर्धी बाटली. माय त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बसून होती.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन होतं. मैदान माणसांनी फुललेलं, स्पीकर चालू, आयाबाया पांढऱ्या लुगड्यांत. मायला दिसत किती होतं कोण जाणे. गर्दीत पाय टाकल्यावर ती थांबली, मामाजींचा दंड धरला आणि विचारलं, "हायेत का रे लोक?" मामाजी म्हणाले, "हायेत माय. मायंदाळ हायेत." तेव्हा तिने हात जोडले, आणि अंधार पडेपर्यंत जागची हलली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माय गेली. गाडी अजून त्या अंगणात आहे, चालतेही. मागच्या दिवाळीत मी गेलो तेव्हा जुन्या सवयीने विचारलं, "मामाजी, सध्या कोणतं ऑइल? तीस की चाळीस?" ते दातात काडी घालून ओसरीवर बसले होते. "दुकानदार देते ते," म्हणाले. "कोनतंही टाका, जवाईबापू. आता कोनाले पोचवाचं हाय येळेवर?" माझी मुलगी गाडीत चढून मागच्या सीटवर उड्या मारत होती, आणि स्प्रिंग पुन्हा गंजून कुरकुर करत होती. मला वाटलं, यांना त्रास होत असेल. कुपी अजून त्यांच्या खिशात होती. मी हात पुढे केला, म्हणालो, द्या, मी तेल देतो. मामाजींनी खिशावर हात ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "तेवढं वाजू द्या."